शाळेच्या बसला परछी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'फिरते नेत्रतपासणी केंद्र : एक आढावा' असे भारदस्त शीर्षक छापले आहे. ते कार्यवाहांनी दिलेले आहे. आढाव्याचे आकडे वार्षिक अहवालात आहेतच, आणि तो अहवाल आपण सर्वांनी न वाचता, चहा निवू नये म्हणून, एकमताने संमत केला आहे. तेव्हा आज आढावा बाजूस ठेवून एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. ती वस्तू म्हणजे आपल्या गाडीच्या पाठीमागे बसविलेला सात फूट लांब आणि चार फूट रुंद असा लाकडी ओटा. या ओट्यावरून याच सभागृहात जेवढी खडाजंगी झाली तेवढी गणपतीच्या वर्गणीवरूनही कधी झालेली नाही.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. एका शाळेने काढून टाकलेली ही बस मंडळाने विकत घेतली तेव्हा काही सभासदांनी कपाळावर हात मारला होता. परंतु आपल्या मंडळात निवृत्त फिटर, टर्नर, सुतार आणि रंगारी यांची वाण कधीच नव्हती. जबलपूर हे गाव मुळात गाड्यांचे. येथील तोफगाडी कारखाना 1904 चा, वाहन कारखाना 1969 चा. 'जोंगा' या लष्करी गाडीच्या नावाचे पहिले अक्षरही जबलपूरचेच, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगताना आपल्यापैकी अनेकांची छाती अजूनही फुगते. अशा गावात एक जुनी बस रुळावर आणणे अवघड नव्हते. बाके निघाली, खिडक्यांच्या जाळ्या बदलल्या, आत कपाट, चष्म्यांची पेटी, टेबल आणि तपासनीसांची खुर्ची बसली. बसगाडीचे असे रूपांतर करणारे आपण पहिले नव्हतो. डोअर स्टेप स्कूल या संस्थेने पुण्या-मुंबईत बसगाडीत वर्ग भरविले आहेत. पुण्यातच 2016 साली मोडीत निघालेल्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहे उभी राहिली. रेल्वेच्या डब्यांतील रुग्णालय तर 1991 पासून देशभर फिरत आहे. ही उदाहरणे सभेत सांगूनच आम्ही ठराव संमत करून घेतला होता.

जावयाचे कोठे, याविषयी मात्र फारसा वाद झाला नाही. रांझी-खमरिया मागे टाकून दिंडोरी-अमरकंटकाच्या दिशेने निघाले की पन्नासेक किलोमीटरच्या आत कुंडम लागते. नर्मदेस मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते. वस्ती बहुतांशी गोंडांची, पीक कोदो-कुटकीचे, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी. आता कोदो-कुटकी निवडणे म्हणजे मोहरीएवढ्या दाण्यांतून खडे वेचणे. तेंदूची पाने पन्नास-पन्नास मोजून त्यांची गड्डी बांधावयाची असते. चाळिशी उलटल्यावर जवळचे दिसेनासे होते हा निसर्गक्रम आहे. शहरातला कारकून त्यावर दुकानातून चष्मा आणतो, आणि कुंडमकडची बाई सुनेला किंवा नातीला हाक मारते. साध्या चष्म्याने हे काम भागते. औषध नको, शस्त्रक्रिया नको. ज्यांस मोतीबिंदूचा संशय येईल त्यांना जबलपूरच्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यावयाची, एवढीच आमची मर्यादा.

पहिल्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी आम्ही गाडी नेऊन उभी केली, फलक लावला, आणि वाट पाहत बसलो. माणसे आली. गाडीभोवती उभी राहिली. मुलांनी खिडक्यांतून डोकावून पाहिले. पण आत चढणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक पुरुष. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या म्हाताऱ्या बाया चार हातांवर महुआच्या झाडाखाली बसून आमच्याकडे पाहत राहिल्या. आपल्या स्वयंसेविका त्यांना हाका मारीत, "दाई, ऊपर आइए ना." दाई हसत आणि म्हणत, "हम यहीं ठीक हैं, बाई."

आम्ही कारणे शोधू लागलो. गाडीचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट उंच. दाराच्या तीन पायऱ्या उभ्या आणि अरुंद, शाळकरी मुलांनी उड्या मारीत चढावयाच्या. गुडघे धरलेल्या बाईला त्या चढवत नाहीत, उतरवत तर त्याहून नाहीत. हे कारण खरेच होते. पण ते अर्धे कारण होते, हे कळावयास आम्हांला दीड वर्ष आणि एका मुलीचा हात खर्ची घालावा लागला.

त्या हिवाळ्यानंतर गाडीला मागून सज्जा काढण्याची कल्पना निघाली. मागची मोठी काच काढून खालपर्यंत दार कापावयाचे, आणि त्यापुढे गाडीच्या तळाच्या उंचीवर पाच फूट रुंदीची, कठड्याची, वर पत्र्याचे छप्पर असलेली ग्यालरी जोडावयाची. कल्पना कोणाची, हे आता सांगावयास हरकत नाही, आमचीच. जुन्या आगगाड्यांच्या शेवटच्या डब्याला असा सज्जा असे. 1948 च्या निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन अशाच सज्ज्यावर उभे राहून स्टेशनास्टेशनावर भाषणे करीत गेले, त्याची छायाचित्रे आम्ही पाहिली होती. त्याच देशात 1964 साली केन केसी या कादंबरीकाराने 1939 च्या एका शाळेच्या बसला मागे फळी जोडून तीवर मोटारसायकल आणि वीजयंत्र चढविले, आणि मित्रमंडळींसह देश पालथा घातला. तिकडे तर आता जुन्या शाळाबसांत संसार थाटणारी आणि मागच्या सज्ज्यात खुर्च्या टाकून बसणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी त्याची चित्रे आम्हांस पाठविली होती. चित्रात सगळेच सुंदर दिसते.

आपल्यातील एक जाणते फिटरकाका तेव्हाच म्हणाले होते, "गाडी उलाळ होईल." बैलगाडी हाकलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भार पुढे झाला तर गाडी धुरजड, मागे झाला तर उलाळ. उलाळ गाडीचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर सुमारे 4.2 मीटर. मागच्या चाकांच्या मागे गाडी आधीच 2.1 मीटर लोंबत होती. त्याच्याही पुढे आम्ही लोखंड, फळ्या, कठडा आणि छप्पर मिळून सुमारे 300 किलोंचा सज्जा टांगला. त्याचा मध्य मागच्या आसापासून 2.85 मीटरवर. तराजूचा साधा हिशेब केला तर पुढच्या चाकांवरून 200 किलोंहून अधिक भार उचलला जातो आणि मागच्या आसावर 500 किलोंहून अधिक पडतो. ही त्रैराशिके आम्ही नंतर मांडली. तेव्हा काकांना "तुमचा बैलगाडीचा अनुभव जुना झाला" असे काहीसे म्हणालो होतो. त्या वाक्याची क्षमा आम्ही त्यांच्याकडे मागितली आहे. आज जाहीरपणे पुन्हा मागतो.

कायदाही आम्ही वाचला नव्हता. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 93 व्या नियमाप्रमाणे मागच्या आसामागचा लोंबता भाग चाकांमधील अंतराच्या साठ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. म्हणजे आपल्या गाडीस 2.52 मीटरची मुभा. आमची गाडी सज्ज्यासह 3.6 मीटर लोंबत होती. शिवाय 1988 च्या अधिनियमाच्या 52 व्या कलमाप्रमाणे असा फेरबदल मनास येईल तसा करता येत नाही. सुशिक्षित माणसांच्या मंडळाने हे ठाऊक नव्हते म्हणणे शोभत नाही.

सज्जा रंगवून झाला तेव्हा गाडी मोठी देखणी दिसत होती. तिसऱ्या फेरीला एका रपट्यावर गाडी उतरून वर चढताना सज्ज्याची मागची कड दगडावर आपटली. मोठा आवाज झाला. आम्ही उतरलो, पाहिले, रंग खरवडला होता, बाकी काही दिसले नाही. पुढे गेलो. सज्ज्याचे दोन आधार चॅसिसला वेल्डिंगने जोडले होते, आणि हेही करावयाचे नसते. वेल्डिंगच्या धगीने त्या जागचे पोलाद कमकुवत होते. त्यांपैकी एक सांधा तडकला होता. बाजारात गाडी उभी राहिली, शिडी लागली. एक आजी नातीच्या आग्रहाने शिडीपर्यंत आली, पण वर काही चढेना. नऊ-दहा वर्षांची नात मात्र चढली, आणखी चार-पाच मुले चढली, आणि सज्ज्याचा डावा कोपरा खाली गेला. इतर मुले कठड्याला धरून राहिली. ती मुलगी खाली पडली. तिचा हात मनगटाच्या वर मोडला.

तिला त्याच गाडीतून आम्ही जबलपुरास आणले. सज्जा दोराने बांधून घेतला होता. मुलीला मांडीवर घेऊन तिची आजी गाडीत बसली होती. त्या तीन उभ्या पायऱ्या त्या दिवशी ती एका दमात चढली. वाटेत कोणी कोणाशी बोलले नाही. हात बसविला, प्लास्टर झाले, खर्च मंडळाने केला. पण खर्च करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता.

त्या पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली आणि या सभागृहात ती सभा झाली. गाडी विकून टाकावी आणि सुवर्णमहोत्सवासाठी सभागृहाचे छत करावे, असा एक पक्ष होता. त्यांचे म्हणणे अडाणी नव्हते. दुसरा पक्ष म्हणत होता की सज्जा काढून टाका आणि पूर्वीसारखे चालू द्या. आम्ही गप्प होतो, कारण बोलण्याचा अधिकार आम्ही गमावला होता. तेव्हा फिटरकाकाच उठले आणि म्हणाले, "सज्जा नको, ओटा करा. दीड-पावणेदोन फूट उंचीचा. चढावयाचा नाही, टेकावयाचा." आणि त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूस काढलेले चित्र अध्यक्षांपुढे ठेवले.

यावर ज्यांना आपण सारे बाई म्हणतो, त्या उभ्या राहिल्या. बाईंनी जन्मभर शाळेत शिकविले आहे आणि त्यांच्यापुढे अजूनही आमचा आवाज खाली येतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे खुर्ची आत, पंखा आत, तुम्ही आत, आणि त्या बायका बाहेर ओट्यावर. आपल्या आजोबांच्या वाड्यात हेच होते ना? कोणी कोठवर यावे, हे ओट्यानेच ठरत होते." सभागृह शांत झाले. बाई बोलत होत्या ते खरे होते. अंगण, ओटा, पडवी, ओसरी, माजघर या शब्दांवर आपण परदेशी आणि परप्रांती राहणारी माणसे फार जीव लावतो. नागपूरकडची मंडळी छपरी म्हणतात, तो शब्द नुसता उच्चारला तरी आमच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यातली माठाची तिवई येते. पण त्या प्रत्येक पायरीवर कोणालातरी थांबवीत असत, जात विचारून थांबवीत असत, हे आपल्या आठवणींच्या लेखांत येत नाही. आणि आपण तरी कोण? 1956 साली प्रांत निराळे झाले, नागपूर तिकडे गेले, आपण येथे उरलो. या प्रांताच्या ओसरीवर आपणही बरीच वर्षे बूट काढून बसलेले आहोत. कोणी आत या म्हणेपर्यंत बाहेर बसणे म्हणजे काय, हे आपल्या वडिलांना ठाऊक होते.

काकांनी उत्तर दिले नाही. पुढच्या सभेला त्यांनी दुसरे चित्र आणले. त्यात खुर्ची, टेबल, चष्म्यांची पेटी, सर्व काही ओट्यावर होते. गाडीच्या आत फक्त एक तक्ता.

या चित्राचे मर्म समजण्यासाठी नेत्रतपासणीचे एक अंग सांगावे लागेल. दृष्टी मोजण्याचा जो अक्षरतक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे, तो स्नेलन नावाच्या डच वैद्याने 1862 साली तयार केला. तो 6 मीटरवरून वाचावयाचा असतो; निकोप डोळ्याला 6 मीटरवरून जे अक्षर ओळखता यावे त्याची उंची पाऊण-एक सेंटिमीटरच्या आतली असते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन बोटांच्या पंजासारखी एकच आकृती निरनिराळ्या दिशांना वळविलेली असते. बोटे कोणीकडे आहेत ते हाताने दाखवावयाचे. आमच्या गाडीत चालकाच्या पाठीमागच्या पडदीपासून मागच्या दारापर्यंत साडेपाच मीटर भरत होते. अर्धा मीटर कमी पडतो म्हणून आम्ही आरसा लावून काम भागवीत होतो. काकांनी तक्ता पडदीवर टांगला आणि तपासून घेणाऱ्याला दाराबाहेर ओट्यावर बसविले. अंतर बरोबर 6 मीटर! ओटा गाडीच्या तळाहून खाली असल्याने बसलेल्या माणसाचा डोळा गाडीच्या तळाच्या जेमतेम वर येतो, म्हणून तक्ता हातभर खाली आणला आणि ओट्यावर एक पाट ठेवला. उघड्यावरच्या लख्ख उजेडात बाहुली आकसते आणि अधू डोळ्यालाही आहे त्याहून बरे दिसू लागते, हा दोष टाळण्यासाठी वर जाड कनातीचे छत आले. म्हणजे गाडी आता खोली उरली नव्हती. पाहावयाची नळी झाली होती. आत कोणीच बसत नव्हते. तपासणारे आणि तपासून घेणारे दोघेही एकाच फळीवर.

बाई चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "छताखाली पाण्याचा माठ कोठे ठेवणार?" ठराव संमत झाला.

ओट्याची बांधणी सांगतो, कारण अन्य गावच्या मंडळांनी तशी विचारणा केली आहे. चौकट 50 मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची, वर इंचभर जाडीच्या सागवानी फळ्या. सगळे मिळून शंभर किलोंच्या आत. चॅसिसला वेल्डिंग नाही. पोलादी पट्ट्या चॅसिसच्या उभ्या अंगाला बोल्टने आवळलेल्या, वरच्या-खालच्या कडांना छिद्र पाडावयाचे नाही. त्या पट्ट्यांवर बिजागऱ्या. प्रवासात ओटा उभा होऊन गाडीच्या पाठीला चिकटतो आणि दोन खिट्ट्या व एक साखळी त्याला धरून ठेवतात. मागे जेमतेम वीतभर जाडी वाढते. मागच्या दाराचा त्याने कोंडमारा होतो खरा, पण संकटकालीन दार आपल्या गाडीला उजव्या अंगास आहे आणि ते मोकळे ठेवले आहे. मुक्कामी पोहोचल्यावर ओटा दोघांनी धरून उतरवावयाचा आणि बाहेरच्या कडेखाली दोन पाय लावावयाचे. या पायांना जॅकसारखे स्क्रू आहेत, त्यामुळे उंचसखल जमिनीवरही ओटा समपातळीत येतो. मुख्य गोष्ट अशी की बसणाऱ्यांचे वजन निम्म्याहून अधिक या पायांवाटे जमिनीत जाते. गाडी उलाळ होण्याचा प्रश्न उरत नाही. काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात अर्ज दिला, झाल्यावर गाडी नेऊन दाखविली, कागदावर नोंद करून घेतली. आणि प्रत्येक फेरीपूर्वी प्रत्येक बोल्टवर हातोडीचा टोला घालून आवाज ऐकावयाचा, ही काकांची अट आजवर मोडलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ओटा प्रथम कुंडमला उतरला तेव्हा आम्ही कोणालाही हाक मारली नाही. काका एका टोकाला बसून पाय हलवीत राहिले. बाईंनी माठ ठेवला. थोड्या वेळाने महुआखालची एक दाई उठली, आली, डोक्यावरचे टोपले ओट्यावर ठेवून त्याशेजारी टेकली. डोळे तपासावयास नव्हे. टोपले जड होते म्हणून. मग दुसरी आली. त्या आपापसांत बोलत बसल्या आणि समोरच्या तक्त्यावरचे ते पंजे पाहून त्यांनीच विचारले की हे काय आहे. दुपारपर्यंत आमचे पाट अपुरे पडले. तिकडे घरापुढच्या पडवीला परछी म्हणतात. कोणीतरी 'मोटर की परछी' म्हणाले, आणि तेच नाव राहिले. आम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत 'नेत्रतपासणी केंद्र' असे रंगविले आहे. ते कोणीही वाचत नाही.

एक गोष्ट सांगून थांबतो. ती आजीही त्या हिवाळ्यात आली. नात बरोबर होती, हात सरळ जुळला होता, तिने तो आम्हांला वळवून दाखविला. आजीला जवळचे दिसत नव्हते आणि दूरचेही धूसर होते. आम्ही पाट पुढे केला. तिने पाटाकडे पाहिले, ओट्याच्या पायांकडे पाहिले, आणि मान हलविली. तिने जमिनीवर उभे राहून तपासणी करून घेतली. काकांनी तक्ता तिच्या उंचीप्रमाणे वर टांगला आणि ती जेवढी मागे उभी होती तेवढे अंतर फितीने मोजून हिशेबात घेतले. चष्मा लावून तिने नातीचे मनगट डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. त्यानंतर ती दोनदा आली आहे, एकदा चष्म्याची काडी बदलण्यासाठी आणि एकदा शेजारणीला घेऊन. शेजारीण ओट्यावर बसते. ती उभी राहते.

ओट्याच्या कडेच्या दोन फळ्या या पावसाळ्यात फुगल्या आहेत आणि डाव्या पायाचा स्क्रू झिजला आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता गाडी सभागृहाच्या मागे उभी असेल. फळ्या कापून आणल्या आहेत, तेल आणले आहे. पाने काकांकडे आहेत. तरुण सभासदांपैकी दोघे-तिघे आले तर दुपारच्या आत काम होईल. चहा बाई करणार आहेत.